तालमीनंतरची चाळीस वर्षं

झाशीत व्यायामाची दोन दैवतं आहेत. एक घोड्यावर स्वार, हातात तलवार, पाठीशी बांधलेलं मूल. दुसरं टेकडीवर हॉकीची काठी घेऊन उभं. राणी लक्ष्मीबाई आणि मेजर ध्यानचंद, दोघांनीही शरीर कमावलं होतं आणि त्या कमाईवर इतिहास घडवला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांनी पुढे लिहिलेल्या आणि १९०७ साली छापून आलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये बाईसाहेबांच्या दिनचर्येचं वर्णन आहे : पहाटे उठून मल्लखांबावर कसरत, मग घोड्याची रपेट, कधी हत्तीवरही फेरी. हे वाचताना ऊर भरून येतो आणि त्या भरात एक गोष्ट नजरेतून सुटते. राणीचं जन्मसाल १८२८ धरा की १८३५, जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला ती पडली तेव्हा तिने तिशी ओलांडलेली नव्हती. ध्यानचंदांचं तिसरं आणि शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण १९३६ चं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीचं. त्यानंतर ते त्रेचाळीस वर्षं जगले, पण त्या त्रेचाळीस वर्षांतल्या शरीराचा पुतळा कुणी उभारत नाही. आपल्या मनातला व्यायाम असा तिशीच्या उंबरठ्यावर थांबलेला आहे. पुढच्या शरीरासाठी आपल्याकडे काढे आहेत, पथ्यं आहेत, ‘आता जरा जपून’ हा सल्ला आहे. व्यायामाची रुळलेली रीत मात्र फारशी नाही. चीनमध्ये ती आहे, आणि चीगाँग या नावाने ती जगभर पोचली आहे. तिच्याकडून घेण्यासारखं जे आहे ते तिच्या तत्त्वज्ञानात नाही. उतरत्या वयाच्या शरीराला मध्यभागी ठेवून व्यायामाची मांडणी करण्यात आहे, असं मला वाटतं. या लेखात तेवढंच पटवून द्यायचं आहे.

आपली व्यायामपरंपरा तरुणांसाठी घडली याला सबळ कारण होतं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त खांबावरच्या कसरतीचा उल्लेख येतो तो मल्लांच्या तयारीच्या ओघात. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं तेही कुस्तीच्या डावपेचांसाठी. १८१८ नंतर दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास गेला, त्याच्या मागोमाग ही विद्या गंगाकाठी पोचली, आणि तिथे वाढलेल्या मोरोपंत तांब्यांच्या मनूसोबत, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईसोबत, ती बुंदेलखंडात उतरली. पुढे लढाई बदलली, हेतू बदलला नाही. काकोरी कटानंतर चंद्रशेखर आझाद झाशी-ओरछाच्या आसऱ्याला आले. मास्टर रुद्रनारायणांचं घर त्यांना उघडं होतं आणि विश्वनाथ वैशंपायन, सदाशिवराव मलकापूरकर ही झाशीची मराठी मुलं त्यांच्या सोबत होती. त्यांना कणखर शरीर हवं होतं ते देशासाठी झिजवायला. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच बलोपासनेचं रूप. १९३६ साली बर्लिनमध्ये ध्यानचंद जर्मनीविरुद्ध गोल करत होते, त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने या मंडळाचे तरुणही तिथे देशी कसरती दाखवत होते. गुलाम देशाला आपण दुबळे नाही हे जगासमोर सिद्ध करायचं होतं, आणि असं सिद्ध करण्यासाठी कुणी सत्तरीचे आजोबा मैदानात उतरवत नाही.

शिवाय त्या काळी सत्तरीचे आजोबा होते तरी किती? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ माणसं बत्तिसाव्या वर्षी मरत असा नाही. बालमृत्यूंनी ती सरासरी खाली ओढलेली होती. तरीही प्लेग, पटकी, बाळंतपण आणि दुष्काळ यांतून वाचून म्हातारपणापर्यंत पोचणं हे भाग्याचं लक्षण मानलं जाई. ज्याला ते लाभलं त्याने देवाचं नाव घ्यावं, त्याच्या गुडघ्यांचा विचार समाजाने करण्याचं कारण नव्हतं. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात साठीपुढची माणसं सुमारे १५ कोटी आहेत आणि २०५० पर्यंत ती ३५ कोटींच्या जवळ जातील. म्हणजे पाचांत एक. तिशीत तालीम सुटली आणि माणूस सत्तरीपर्यंत जगला, तर मधली चाळीस वर्षं व्यायामाच्या नकाशावर कोरीच राहतात. तालमीत म्हातारा माणूस दिसतो, नाही असं नाही. तो वस्ताद असतो. तो कट्ट्यावर बसतो, पोरांच्या बैठका मोजतो, चुकलेल्या डावावर ओरडतो. लाल मातीत त्याला मान आहे, पण तिथे त्याच्या शरीराला करण्यासारखं काही नेमून दिलेलं नाही.

याला एक ठळक अपवाद आहे आणि त्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी युजेन सँडोच्या डंबेल्सचे चाहते होते. सुमारे दहा वर्षं त्यांनी ती पद्धत निष्ठेने चालवली. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते लावले, आणि १९३८ साली लंडनहून ‘टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचं पुस्तक निघालं. बळापेक्षा निरोगीपण आणि म्हातारपणीचा ताठ कणा हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता, आणि ते स्वतः ब्याऐंशी वर्षं जगले. एका राजाच्या दीर्घायुष्याने व्यायामाचा गुण सिद्ध होत नाही हे मान्य; पण दिशा बरोबर होती. अडचण नमस्काराच्या रचनेत आहे. प्रत्येक आवर्तनात कंबरेतून पुढे वाकून तळहात जमिनीला टेकवायचे, दोन्ही मनगटांवर शरीराचा भार घ्यायचा, पोट-छाती जमिनीजवळ न्यायची आणि पुन्हा उभं राहायचं. ज्याने विसाव्या वर्षापासून यात खंड पडू दिला नाही त्याला सत्तरीतही ते जमतं. पण ज्याचा गुडघा साठीला कुरकुरायला लागला आणि ज्याला डॉक्टरांनी आता काहीतरी हालचाल करा असं सांगितलं, त्याच्यासाठी पहिलीच पायरी उंच आहे. त्यात आपल्याकडचा आकड्यांचा सोस. हजार बैठका, बाराशे नमस्कार, इतके जोर, तितके फेर. समर्थांपासून गावच्या पैलवानापर्यंत मोठेपणाची गोष्ट आकड्यातच सांगितली जाते. आकडा हे तरुणाचं मोजमाप आहे. वयाबरोबर तो कमीच होत जाणार, आणि रोज कमी होणारी गोष्ट माणूस आनंदाने किती दिवस मोजेल?

आता चीनकडे वळू. १९७३ साली हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथल्या तिसऱ्या थडग्यात चित्रं काढलेला एक रेशमी पट सापडला. थडगं इसवीसनपूर्व १६८ मधलं. त्या पटावर व्यायाम करणाऱ्या चव्वेचाळीस आकृती आहेत. त्यांत पुरुष आहेत, बायका आहेत, तरुण आहेत, वयस्कर आहेत. कुणी उघड्या अंगाने, कुणी पायघोळ झग्यात, एकाच्या हातात काठी. काही आकृत्यांशेजारी नावं लिहिली आहेत. त्यांत अस्वलाची, पक्ष्याची नक्कल आहे आणि त्याचबरोबर दुखण्यांचीही नावं आहेत. एक चक्क गुडघेदुखीसाठी आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या या पटाची आपल्या मल्लांच्या परंपरेशी तुलना केली की फरक लगेच लक्षात येतो. इथे समोर प्रतिस्पर्धी नाही. हालचाल आहे ती दुखऱ्या सांध्याच्या मागणीवरून. तिसऱ्या शतकाच्या तोंडावर होऊन गेलेला वैद्य ह्वा तुओ याच्या नावावर पाच प्राण्यांचा खेळ सांगितला जातो : वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी. कीर्ती वैद्याची, मल्लाची नव्हे. आणि सुंग राजवटीच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकापासून, आठ हालचालींच्या एका मालिकेचा उल्लेख मिळतो. ती म्हणजे बादुआनजिन. चिनी बागांतून आज सकाळी सर्वांत जास्त दिसणाऱ्या मालिकांपैकी ती एक आहे.

या मालिकेत होतं काय ते जवळून पाहण्यासारखं आहे. सगळा व्यायाम उभ्याने, चटई लागत नाही, चपला काढाव्या लागत नाहीत. पहिल्या हालचालीत दोन्ही हातांची बोटं गुंफून तळवे आकाशाकडे उचलायचे, जणू छत वर ढकलतो आहोत. वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. दुसरीत पाय रुंद ठेवून गुडघे वाकवायचे, घोड्यावर बसल्यासारखं, आणि डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने धनुष्य ओढायचं. नजर बाणाच्या टोकाला. गोडसे भटजींच्या वर्णनातली राणी जो पवित्रा खोगिरावर घेई तोच इथे बिनघोड्याचा आणि बिनघाईचा आहे. चौथीत खांदे सैल सोडून मान हळूच मागे वळवायची, आपल्याच टाचेकडे पाहावं तशी. सहावीत हात पाठीवरून, मांड्यांवरून घसरत पावलांपर्यंत न्यायचे; पोचले तिथपर्यंत पोचले, गुडघ्यापाशी थांबले तरी चालतं. आठवी सर्वांत साधी : टाचा उचलायच्या, क्षणभर चवड्यांवर तोलायचं आणि हलका धक्का देत टाचा जमिनीवर टेकवायच्या, असं सात वेळा. संपूर्ण मालिकेला बारा मिनिटं लागतात. कुणी नव्वदीच्या बाईने गुडघे चार बोटं वाकवले आणि शेजारच्या मुलाने काटकोनात वाकवले, तरी दोघांची मालिका एकच राहते आणि दोघं एकाच वेळी संपवतात. तुलनेचं साधनच काढून घेतलेलं आहे. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं शहाणपण यात दिसतं.

हे शहाणपण नुसतं डोळ्यांना बरं दिसणारं आहे की त्याने काही फरक पडतो? म्हातारपणी आयुष्य मोडतं ते बहुधा एका पडण्याने. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड गेलं, माणूस अंथरुणाला खिळला, आणि मग न्यूमोनिया किंवा नुसता खचलेपणा. म्हणून पडण्याचं प्रमाण कमी होतं का, हा खरा प्रश्न. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांहून जास्त वृद्ध यांचा आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, आणि चीगाँगचं सख्खं भावंड असलेल्या ताई चीने पडणाऱ्या माणसांची संख्या सुमारे एक-पंचमांशाने घटते असं त्यात दिसलं. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सत्तरीपुढच्या ६७० जणांवर झालेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याहून बोलकी आहे. ताई चीवर आधारलेला व्यायाम करणाऱ्या गटात, नुसतं अंग ताणणाऱ्या गटापेक्षा पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं, आणि चालणं, ताकद, तोल असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी होतं. बीजिंगमध्ये ३४२ जणांवर झालेल्या आणि २०२४ साली छापून आलेल्या अभ्यासात सीमारेषेवरचा रक्तदाब वर्षभरात ताई चीने सरासरी ७ अंकांनी उतरला, तर धावणं-चालणं-सायकल या धर्तीच्या व्यायामाने साडेचार अंकांच्या थोडा पुढे. इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. चांगल्या, मोठ्या चाचण्या बहुतेक ताई चीच्या आहेत. बादुआनजिनसारख्या मालिकांवरचे अभ्यास संख्येने बरेच असले तरी लहान आणि सैल आहेत. आणि आयुष्य अमुक वर्षांनी वाढतं असा पुरावा कुठल्याच मालिकेबद्दल नाही. जाहिरातीतलं दीर्घायुष्य बाजूला ठेवा. न पडता घालवलेली वर्षं ही साधी, मोजता येणारी मिळकत आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो : हा सगळा डोलारा ‘ची’ नावाच्या अदृश्य शक्तीवर उभा आहे, आणि ती कुणी दाखवलेली नाही. आक्षेप खरा आहे, पण तो व्यायामाला लागू होत नाही. हळू हालचालीत शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना घोट्याचे बारीक स्नायू सतत तोल सावरत असतात; वेगात तो भार गतीच्या आधाराने निभावून जातो, संथपणात निभावत नाही. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर मिनिटभर उभं राहिलं की मांड्यांना काम पडतं. हालचालीला लांब श्वासाची जोड दिली की धावपळ थांबते आणि लक्ष तळपायाशी जातं. यात कुठेही ‘ची’ची गरज नाही. चिनी म्हातारा ‘ची खाली उतरली’ म्हणतो तेव्हा बहुधा शरीराचा भार पोटाखाली स्थिरावल्याचाच अनुभव तो त्याच्या शब्दांत सांगत असतो. अनुभव खरा मानायला त्याच्या स्पष्टीकरणावर सही करावी लागत नाही. आपणही सूर्याला अर्घ्य देण्याच्या भावनेने नमस्कार घालतो आणि पाठीच्या कण्याला फायदा होतो. फायद्याला भावनेचा पुरावा कुणी मागत नाही.

पण या आक्षेपाचा दुसरा भाग जास्त गंभीर आहे, आणि तो इतिहासातला आहे. प्राचीन म्हणून मिरवणारं चीगाँग आजच्या रूपात आणि आजच्या नावाने संघटित झालं ते विसाव्या शतकाच्या मध्याला. ल्यू ग्वीजन नावाच्या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपलं पोटाचं दुखणं श्वासाच्या जुन्या साधनेने बरं झाल्याचं सांगितलं. पक्षाने ती साधना धार्मिक अंगं खरवडून रुग्णालयात आणली आणि १९५० च्या दशकात बेइदाइहे इथे तिच्यासाठी आरोग्यधाम काढलं. सांस्कृतिक क्रांतीत तिच्यावर बंदी आली. १९८० च्या दशकात ती पुन्हा उसळली आणि मग ताळतंत्र सुटलं. दुरून ‘ची’ सोडून रोग बरे करणारे, हजारोंच्या सभा भरवणारे गुरू निघाले. यान शिन नावाच्या एका गुरूने तर १९८७ च्या प्रचंड वणव्यावरही आपला प्रभाव पडल्याचा दावा केला. साधनेच्या अतिरेकातून भ्रम होऊ लागले. १९९४ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत त्या भ्रमांची नोंद झाली. १९९९ मध्ये फालुन गाँग या चीगाँगमधून निघालेल्या पंथावर सरकार तुटून पडलं आणि हजारो माणसं तुरुंगात गेली. २००३ च्या सुमारास सरकारने धूळ खाली बसवत बादुआनजिनसह चार मालिका नव्याने प्रमाणित करून काढल्या. या इतिहासातून चीगाँग टाकाऊ ठरत नाही; ठरतं ते एवढंच की गुरू, चमत्कार आणि बारा मिनिटांची हालचाल या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि पहिल्या दोन सोडून तिसरी उचलता येते. योगाच्या बाजारात वावरणाऱ्या आपल्याला हा धडा परका नसावा.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे. आपल्याकडे योग असताना चीनच्या दारी कशाला जायचं? लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं, उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो हे मोजलं, क्ष-किरणांनी आतलं पाहिलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून ते जगापुढे मांडलं. ल्यू ग्वीजनच्या पाव शतक आधी, आणि त्याच्याहून कितीतरी काटेकोरपणे. मान्य. म्हणूनच आपल्याला चीनकडून शरीरशास्त्र शिकायचं नाही. शिकायची आहे ती मांडणी. आपलं योगाचं शिबिर आजही चटईवर बसून सुरू होतं, आणि ज्याला खाली बसता येत नाही त्याला खुर्ची देऊन कडेला ठेवलं जातं. चीनच्या बागेत कडेला ठेवलेला कुणी नसतो, कारण व्यायामच त्याच्या उंचीवर आणलेला असतो. आणि हे देणंघेणं काही नवं नाही. सातव्या शतकातला चिनी वैद्य सुन सिम्याव याने आपल्या ग्रंथात अंगमर्दनाची आणि हालचालींची एक मालिका नोंदवली आहे ती भारताची, ब्राह्मणांची पद्धत म्हणून. तिकडच्या वैद्याला इकडची कसरत लिहून घेताना कमीपणा वाटला नाही. मात्र हे सांगताना आपल्याकडे एक कथा हमखास जोडली जाते : भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना हा व्यायाम शिकवला. ती कथा ज्या ‘यिजिनजिंग’ ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला आहे. त्याला जोडलेली थांग काळातल्या सेनापतीच्या नावाची प्रस्तावना बनावट आहे. तीत एका काल्पनिक कथेतला नायक खरा माणूस म्हणून वावरतो. सुन सिम्यावची नोंद पुरेशी आहे. तिच्यावर बनावट अभिमानाचा मुलामा द्यायची गरज नाही.

तिसरा आक्षेप पैलवानाचा आहे आणि माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. हात हवेत फिरवून ताकद येते का? येत नाही. वय वाढतं तसा स्नायू झडतो, आणि झडता स्नायू टिकवायचा तर त्याला ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद या दोहोंवर भर देणारा व्यायाम सांगतात. एकट्या तोलाने भागत नाही. इथे चीगाँगचा कट्टर प्रचारक अडतो आणि आपली तालीम कामाला येते. ताकदीचं सर्वांत उपयोगी माप कोणतं? खुर्चीतून हात न टेकता उठता येणं. ती आपली बैठकच आहे, फक्त खुर्चीपर्यंत उतरणारी आणि दहावर थांबणारी. भिंतीला हात लावून मारलेला जोर हा जोरच. हलका मुद्गल खांद्यावरून फिरवला तर खांदा मोकळा राहतो. लाल मातीत हे सगळं पडून आहे. ते पन्नाशीपुढच्यासाठी कुणी कमी करून, हळू करून, क्रमाने बसवलं नाही इतकंच. म्हणजे प्रश्न चीगाँग की तालीम असा उरतच नाही. चीगाँग दाखवतं की मालिका म्हाताऱ्यासाठीच रचता येते, आणि त्या मालिकेत घालायची ताकद तालमीकडे आहे.

आणि बायका? या प्रश्नावर आपली परंपरा सर्वांत जास्त अवघडते. राणी मल्लखांब करी, याचा अभिमान झाशी बाळगते. शहरातल्या जुन्या व्यायामसंस्थेला लक्ष्मी व्यायाम मंदिर असं नावही आहे. पण अपवादाचा गौरव करणं आणि नियम बदलणं यांत अंतर असतं. साठीच्या बाईला तालमीत लंगोट कसून जायचं नसतं आणि व्यायामशाळेतल्या आरशासमोर घट्ट कपड्यांत उभंही राहायचं नसतं. साडी नेसून, डोक्यावर पदर ठेवून, शेजारणींच्या सोबतीने करता येईल असा व्यायाम तिला मिळाला तर ती येते. बुंदेलखंडातल्या मराठी घरांत काय आणि शेजारच्या बुंदेली घरांत काय, हे सारखंच. उभ्याने करायची, अंग न उघडता करायची, बारा मिनिटांत संपणारी मालिका ही सोय आपोआप देते. मावांगदुईच्या पटावर पायघोळ झग्यातल्या आकृती आहेत, त्या उगाच नव्हेत. मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो; व्यायामाला मिळते ती सूर्य वर येण्याआधीची घटकाभर. त्या घटकेत तासभराचं शिबिर बसत नाही, ही मालिका बसते.

या सगळ्याचा खर्च नगण्य आहे. लागते ती सावलीची सपाट जागा, आधाराला कठडा, आणि तीन महिने चिकाटीने शिकवणारा माणूस, शक्य तर स्वतःच पन्नाशी ओलांडलेला. अशी जागा राणी लक्ष्मीबाई पार्कमध्ये आहे, प्रत्येक जुन्या आखाड्याच्या पारावर आहे. आणि असा माणूसही आहे : कट्ट्यावर बसून पोरांच्या बैठका मोजणारा वस्ताद. त्याला शरीराची जाण आहे, शिस्त लावता येते, आणि आपल्याच गुडघ्यांची भाषा त्याला कळते. त्याने फक्त मोजणं थांबवून स्वतः उभं राहायचं आहे. आपण शरीराचा गौरव नेहमी मरणाच्या संदर्भात केला, रणात पडलेल्या तरुण देहाचा. तो गौरव कमी करायचं कारण नाही. पण ज्या देशात पाचांतला एक माणूस लवकरच साठीपुढचा असणार आहे, तिथे बलोपासनेची कसोटी तरुण किती जोर मारतो यावर ठरून चालणार नाही. ऐंशीव्या वर्षी माणूस खुर्चीतून हात न टेकता उठतो का, मोरीत एकटा जातो का, नातवाला उचलून घेतो का, यावर ती ठरली पाहिजे. आयुष्य किती लांबेल हे कुणाच्या हाती नाही. ते उभ्याने किती जगता येईल हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे, आणि ते शिकवणं हे तालमीचंच काम आहे.